गाडी माझ्या नावावर आहे, मग दिराचं नाव लिहू का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

नाशिक जिल्ह्यातल्या एका भगिनीने हे पत्र पाठवलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

त्यांचं वय ३८. पाच वर्षांपूर्वी घरात सहाचाकी ट्रक आला. कर्जाच्या सोयीसाठी आरसी, कर्ज, विमा सगळं त्यांच्या नावावर झालं. धंदा नवरा बघतो: पिंपळगाव, लासलगावचा कांदा भरायचा आणि पहाटे वाशीच्या मार्केटला लावायचा. काही दिवसांपूर्वी पहाटे चारच्या सुमाराला महामार्गावर या ट्रकने दूध घेऊन निघालेल्या एका मोटारसायकलस्वाराला मागून धडक दिली. तो जागीच गेला. वय ३४, मागे बायको, दोन मुलं आणि आई. लोक जमतील या भीतीने ड्रायव्हर पळाला आणि अजून पोलिसांसमोर आलेला नाही. पोलिसांनी मालक म्हणून या ताईंना लेखी विचारलं आहे: त्या रात्री गाडी कोण चालवत होतं?

ड्रायव्हर त्यांच्याकडे चार वर्षं आहे, पण त्याचं लायसन्स लाईटचं, म्हणजे हलक्या वाहनाचं; ट्रकला लागतं ते हेवी. ‘हेवी काढून घे म्हणत होतो, राहून गेलं.’ धाकट्या दिराकडे हेवी लायसन्स आहे आणि नाव लावून घ्यायला तो तयार आहे. ओळखीचा एक एजंटही तेच सुचवतो. सासरे म्हणतात, त्यापेक्षा ड्रायव्हरने न विचारता गाडी नेली असं लिहून दे. नवरा म्हणतो, ‘तुझं फक्त नाव आहे, सही कर, बाकीचं मी बघतो.’ घरात असंही बोललं जातं की मोटारसायकलला मागचा दिवाच नव्हता. ताईंना मात्र माहीत आहे की ड्रायव्हर त्याच दुपारी वाशीहून परतला होता, संध्याकाळी त्याला पुन्हा भरलेली गाडी घेऊन पाठवलं आणि रात्री साडेतीनपर्यंत नवऱ्याचे त्याला फोन चालू होते. त्या विचारतात: ‘मी त्या गाडीत कधी बसलेसुद्धा नाही. चूक ड्रायव्हरची. मग मी कशी जबाबदार? घर, बाग जाईल का? आणि त्या बाईला एकदा भेटून यावं असं फार वाटतं, पण सगळे म्हणतात, गेलीस तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल.’

उत्तर

ताई,

आधी सहीचं बोलू, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. दिराचं नाव लिहू नका. ड्रायव्हरने न विचारता गाडी नेली, असंही लिहू नका. जो माणूस गाडी चालवत होता त्याचं नाव, पत्ता आणि त्याच्याकडे जे लायसन्स आहे तेच लिहा. पोलिसांनी विचारल्यावर ही माहिती देणं मोटार वाहन कायद्याच्या १३३व्या कलमाने मालकावर बंधनकारक आहे. तुमच्या घरातल्यांना हा एक साधा फॉर्म वाटतो आहे. पण पुढे पोलीस तपास, फौजदारी खटला, नुकसानभरपाईचा दावा आणि विमा कंपनीची चौकशी या चारही ठिकाणी हाच कागद निघणार आहे आणि चारही ठिकाणी त्यावर सही तुमचीच असणार आहे. ‘बाकीचं मी बघतो’ हे नवऱ्याने कितीही मनापासून म्हटलं, तरी उलटतपासणीला पिंजऱ्यात तुम्हालाच उभं राहावं लागेल.

घरातल्यांची समजूत अशी दिसते की खरं सांगितलं तर घर बुडेल आणि खोटं सांगितलं तर वाचेल. ही समजूत तपासून बघू. खरं सांगितल्याने काहीच नुकसान होणार नाही असं मी म्हणणार नाही. होऊ शकतं. ते किती, कोणाला आणि कसं, हे नीट कळलं तर निर्णय घेताना हात थरथरणार नाही.

‘माझं फक्त नाव आहे’ या वाक्यापासून सुरुवात करते, कारण असं म्हणणाऱ्या कितीतरी बायका महाराष्ट्रात आहेत. कर्जाच्या, सवलतीच्या किंवा आयकराच्या सोयीसाठी टेम्पो, ट्रक, जेसीबी बायकोच्या नावावर घेतला जातो आणि तिला सही करण्यापुरतं बँकेत नेतात. कायद्याला हे ‘फक्त’ कळत नाही. मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी आहे तो. २०१८ साली नवीन कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर निकाल दिला. त्यात मालकाने गाडी विकली होती आणि पुढे ती आणखी दोन-तीन हातांतून गेली होती, पण आरटीओच्या नोंदीत नाव पहिल्याचंच राहिलं होतं. भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. जुनी गाडी विकून ‘ट्रान्सफर नंतर करू’ म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. तुम्ही गाडीत कधी बसला नाहीत हे खरं आहे, आणि त्यामुळे फौजदारी गुन्ह्यात तुम्हाला कोणी ड्रायव्हरच्या जागी उभं करणार नाही. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा भारतीय न्याय संहितेच्या १०६(१) खालचा गुन्हा गाडी चालवणाऱ्यावर आहे. योग्य लायसन्स नसलेल्या माणसाच्या हातात गाडी दिली, याबद्दल मालक म्हणून तुमच्यावर वेगळी कारवाई होऊ शकते. त्याची शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी आहे. भरपाईची जबाबदारी मात्र मालकाचीच. नोकराने मालकाच्या कामावर असताना केलेल्या चुकीचं नुकसान मालकाने भरायचं, हे फार जुनं तत्त्व आहे. ‘चूक ड्रायव्हरची’ म्हटल्याने ही जबाबदारी सुटत नाही. उलट, ड्रायव्हरची चूक आहे म्हणूनच ती तुमच्यावर येते.

आता पैशाचं. ‘कोर्ट किती लावेल’ याची भीती आकडा माहीत नसल्यामुळेच जास्त वाढते, म्हणून हिशेब मांडून दाखवते. समजा, गेलेल्या माणसाचं महिन्याचं उत्पन्न पंधरा हजार रुपये धरलं गेलं. तो स्वतःचा धंदा करणारा आणि चाळिशीच्या आतला, म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे: एकवीस हजार. घरात अवलंबून असणारी माणसं चार, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करायचा: उरले १५,७५०. वर्षाचे झाले १,८९,०००. चौतीस वयाला गुणक (वयानुसार ठरलेला, वर्षाच्या रकमेला गुणायचा आकडा) १६, म्हणजे ३०,२४,०००. शिवाय अंत्यसंस्कार आणि कुटुंबाने गमावलेलं सान्निध्य यांसाठी काही ठरीव रकमा, आणि व्याज. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी प्रकरणांत घालून दिलेली ही पद्धत आहे आणि नाशिकचं मोटार अपघात दावा न्यायाधिकरणही याच पद्धतीने चालणार. तेव्हा तीस लाखांच्या आसपासचा निवाडा होऊ शकतो, हे मनाशी धरून चाला.

हे तीस लाख पहिल्यांदा कोण देणार? तुमची पॉलिसी चालू असेल तर विमा कंपनी. थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे तो याचसाठी. रस्त्यावरच्या तिऱ्हाइताच्या मृत्यूची भरपाई न्यायाधिकरण जेवढी ठरवेल तेवढी त्यात येते. तुमच्या प्रकरणातली अडचण लायसन्सची आहे आणि ती खरी अडचण आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेलं मालवाहू वाहन लाईट लायसन्सवर चालवता येतं. पिकअप आणि छोट्या टेम्पोवाल्यांना त्याचा मोठा आधार मिळाला. तुमच्या सहाचाकीला तो मिळत नाही, कारण तिचं एकूण वजन त्याच्या दुपटीहून जास्त आहे. म्हणून विमा कंपनी न्यायाधिकरणात म्हणेल की मालकाने पॉलिसीची अट मोडली, आम्ही जबाबदार नाही.

अशा वेळी न्यायालयं बहुधा ‘आधी भरा, मग वसूल करा’ असा आदेश देतात. २००४ च्या स्वर्ण सिंग निकालापासून ही वाट पक्की झाली आहे. मेलेल्या माणसाच्या कुटुंबाला कंपनी पैसे देते आणि नंतर ते मालकाकडून वसूल करू शकते. म्हणजे त्या बाईची आणि मुलांची भरपाई तुमच्या लायसन्सच्या गोंधळात अडकत नाही. वसुलीची टांगती तलवार मात्र तुमच्यावर राहते. तुमच्या घरात जी भीती आहे ती ही, आणि ती खोटी नाही.

पण त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे जी एजंट तुम्हाला सांगणार नाही. नुसती अट मोडली एवढं दाखवून कंपनी सुटत नाही. मालकाने ती जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने मोडली आणि त्या मोडण्याचा अपघात घडण्याशी संबंध होता, हे तिला सिद्ध करावं लागतं. तुमचा ड्रायव्हर चार वर्षं हीच गाडी, याच रस्त्यावर चालवत होता. अपघात झाला तो त्याला हेवी गाडी चालवता येत नव्हती म्हणून, की सलग दुसऱ्या रात्री त्याचा डोळा लागला म्हणून? हा मुद्दा तुमचा वकील मांडू शकतो. तो जिंकेलच असं नाही. तुम्हाला लायसन्सची कल्पना होती ही गोष्ट तुमच्या विरोधात जाईल. पण हा मुद्दा मांडता येतो तो फक्त खऱ्या ड्रायव्हरचं नाव पुढे असेल तरच.

आणि त्यासाठी स्वतःचा वकील लागतो. छोट्या गाडीमालकांचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. समन्स येतं, घरातले म्हणतात ‘विमा आहे, कंपनीचा वकील बघेल’ आणि कोणी तारखेला जात नाही. कंपनीचा वकील कंपनीचं बघतो. लायसन्सच्या मुद्द्यावर तो तुमच्या विरुद्धच उभा असतो. मालक गैरहजर म्हणून दावा एकतर्फी चालतो, वसुलीचा आदेश होतो आणि मालकाला कळतं तेव्हा जप्तीची नोटीस दारात असते. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

दिराचं नाव लिहिलं तर काय होईल, तेही शेवटपर्यंत जाऊन बघू. गाडी रात्रीतून टोलनाक्यांवरून गेली आहे. फास्टॅगची वेळ आणि कॅमेऱ्यातलं चित्र तिथे आहे. ड्रायव्हरचा मोबाईल त्या रात्री महामार्गावरच्या टॉवरवर होता आणि दिराचा गावातल्या. तुमच्या नवऱ्याने साडेतीनपर्यंत फोन केले ते कोणाला, हे मोबाईल कंपनीच्या नोंदीत आहे. लोडिंग करणारे हमाल, ज्या ढाब्यावर चहा झाला तिथला माणूस, धडकेनंतर ड्रायव्हरला पळताना बघणारे लोक हे सगळे साक्षीदार आहेत. तीस लाखांचा प्रश्न असताना विमा कंपनी चौकशीसाठी माणूस नेमतेच आणि त्याला हे सगळं हुडकायला फार वेळ लागत नाही. खोटं उघडं पडलं की लायसन्सचा मुद्दा मागे पडतो आणि नवे गुन्हे उभे राहतात. गुन्हेगाराला वाचवण्यासाठी खोटी माहिती दिल्याचा गुन्हा न्याय संहितेच्या २३८व्या कलमात आहे. कोर्टात शपथेवर खोटं बोललं तर २२९वं कलम लागतं आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. त्यानंतर न्यायाधिकरण तुमच्या बाजूचं दुसरं कुठलंही म्हणणं मनावर घेणार नाही.

आणि खोटं टिकलं तर? तर तुमचा धाकटा दीर न केलेल्या मृत्यूच्या खटल्यात आरोपी म्हणून उभा राहील. पाच वर्षांपर्यंतची शिक्षा असलेला गुन्हा. त्याचं लायसन्स जाऊ शकतं, आणि त्याच लायसन्सवर त्याचं पोट आहे. तो आज भावाच्या प्रेमापोटी तयार आहे. वर्षानुवर्षांच्या तारखांमध्ये ते प्रेम कसं राहील, हे तुम्ही मला सांगण्याची गरज नाही, तुम्ही घरातल्या आहात. सासऱ्यांच्या सूचनेचंही तसंच. चार वर्षं तुमच्या घरचं भाडं वाहणाऱ्या ड्रायव्हरवर गाडी चोरल्यासारखा आळ घ्यायचा, आणि त्याच रात्रीचे नवऱ्याचे फोन ते खोटं ठरवणार.

घर आणि बाग. निवाडा झाला तर तो नोंदणीकृत मालकावर, म्हणजे तुमच्यावर, आणि ड्रायव्हरवर होईल. नवऱ्याच्या किंवा सासऱ्यांच्या नावावरची जमीन त्यात आपोआप ओढली जात नाही. शिवाय शेती कसणाऱ्याचं राहतं घर आणि शेतीची अवजारं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६०व्या कलमाने जप्तीपासून वाचवली आहेत. वसुलीचा आदेश आलाच तर हप्त्यांसाठी अर्ज करता येतो, कंपनीशी बोलणी करता येतात आणि निवाड्याविरुद्ध नव्वद दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं. एकच करू नका: घाबरून आपल्या नावावरची मालमत्ता आता घाईघाईने दुसऱ्याच्या नावावर चढवू नका. देणं चुकवण्यासाठी केलेलं हस्तांतरण कोर्ट रद्द करू शकतं, आणि त्यातून तुमचा हेतूच वाईट होता असं दिसतं.

मोटारसायकलच्या दिव्याबद्दल. खरोखर दिवा नव्हता, असं स्थळ पंचनाम्यात किंवा आरटीओच्या तपासणीत आलं असेल, तर तुमच्या वकिलांनी ते मांडावं. मृताचीही काही प्रमाणात चूक होती असं ठरलं तर भरपाई तेवढ्या प्रमाणात कमी होते. पण धडकेत मागचा दिवा फुटणं आणि मुळात नसणं यांत फरक आहे, आणि मागून बसलेल्या धडकेत मागच्या गाडीवरच आधी बोट जातं. गावात हे बोलत फिरू नका. त्या घरापर्यंत ते पोहोचतं.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या ओळींवर मी सगळ्यात जास्त थांबले त्या सांगते. दुपारी परतलेला माणूस संध्याकाळी पुन्हा निघाला, आणि साडेतीनपर्यंत फोन. ताई, हा अपघात पहाटे चारला झाला, पण त्याची सुरुवात आदल्या संध्याकाळी, गाडी भरली जात असताना झाली होती. वाहतूक करणाऱ्या वाहनाच्या ड्रायव्हरला दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, हा दंडक या देशात १९६१ पासून आहे. आपल्याकडच्या किती गाडीमालकांना तो माहीत आहे? ड्रायव्हरला फेरीवर पैसे, मालकाला हप्त्याची तारीख, व्यापाऱ्याला मार्केट उघडायच्या आत माल. या तिघांच्या घाईचा सगळा भार एका माणसाच्या पापण्यांवर येतो, तोही पहाटे दोन ते पाचच्या दरम्यान, जेव्हा शरीर सगळ्यात जास्त झोप मागतं. ताशी साठच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास सतरा मीटर जाते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे पन्नास मीटर गाडी कोणीच चालवत नाही. गाडीत पासिंगपेक्षा, म्हणजे आरटीओने ठरवून दिलेल्या वजनापेक्षा, जास्त गोण्या असतील तर जाग आल्यावर मारलेला ब्रेकही लांब जाऊन लागतो. आणि ‘कुठवर आलास?’ म्हणून वाजणारा फोन डुलकी घालवत नाही. तो फक्त एक हात स्टिअरिंगवरून काढतो.

महाराष्ट्रातल्या मालगाड्यांच्या अपघातांत हेच पुन्हा पुन्हा दिसतं. पुण्यात नवले पुलाच्या उतारावर गाड्या न्यूट्रलवर सोडल्याने ब्रेक निकामी होऊन किती माणसं गेली. तिथेही ‘ड्रायव्हरची चूक’ म्हणून बातमी संपते. पण डिझेल मोजून देणारा, वाचलेल्या डिझेलवर ड्रायव्हरची कमाई ठेवणारा मालक त्या बातमीत नसतो. झोपेचं, ओव्हरलोडचं, गुळगुळीत टायरांचं, विझलेल्या मागच्या दिव्यांचं आणि कडेला उभ्या केलेल्या काळोख्या ट्रॉल्यांचंही तसंच. चाक ड्रायव्हरच्या हातात असतं. वेळ, वजन आणि खर्च मालकाच्या हातात असतात. तुमच्या नवऱ्याला दोष देऊन मी मोकळी होत नाही. हप्ता भरायचा तर फेऱ्या मारायलाच हव्यात, असं गणित त्यांच्यासमोरही कोणीतरी मांडून ठेवलेलं आहे. पण ते गणित बदललं नाही तर उद्या हीच गाडी, दुसरा ड्रायव्हर आणि तीच पहाट पुन्हा येईल. नवऱ्याशी भांडण म्हणून नको, पण हे बोलणं तुम्ही करायला हवं. गाडीची मालक तुम्ही आहात, हे आता घरात सगळ्यांना मान्य करावं लागणारच आहे, तर मालकाच्या अटीही तुमच्याच असू द्या: फेरी करून आलेल्या माणसाला त्याच रात्री पुन्हा पाठवायचं नाही. लांबच्या फेरीला दोन ड्रायव्हर, दोघांचीही हेवी लायसन्सं. रात्री फोन करायचा नाही, हवं तर जीपीएसवर गाडी बघावी. पासिंगपेक्षा जास्त माल भरायचा नाही, भाडं सुटलं तरी चालेल.

ज्यांच्याकडे एक-दोन गाड्या आहेत अशा बाकीच्या वाचकांनीही आज घरी बसून आपल्या ड्रायव्हरचं लायसन्स परिवहन खात्याच्या सारथी संकेतस्थळावर तपासावं, त्याचा वर्ग आणि मुदत बघावी, आणि त्याची प्रत पॉलिसी, परमिट, फिटनेस, पीयूसी यांच्याबरोबर एका फाईलला लावून ठेवावी. ज्या मालकाने लायसन्स बघून, गाडी चालवून घेऊन माणूस ठेवला, त्याने आरटीओत जाऊन खातरजमा केली नाही म्हणून त्याला दोषी धरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे. म्हणजे कायदा मालकाकडून अशक्य काही मागत नाही. साधी काळजी मागतो.

ड्रायव्हरचं. तो कुठेतरी लपून बसला असेल तर त्याला निरोप पाठवा आणि वकिलाबरोबर पोलीस ठाण्यात हजर व्हायला सांगा. २०२४ च्या जानेवारीत ट्रकचालकांनी संप केला तो अपघातानंतर न कळवता पळाल्यास दहा वर्षांच्या शिक्षेच्या कलमामुळे. ते १०६(२) कलम अजून लागू केलेलं नाही, पण भीती सगळ्या ड्रायव्हरांच्या मनात बसली आहे आणि ते पळतात. त्याच्यावर जो १०६(१) चा गुन्हा आहे तो जामीनपात्र आहे. जमावाच्या भीतीने जागा सोडली हे कायदा समजून घेतो, पण त्यानंतर थेट जवळचं पोलीस ठाणं गाठायला हवं. जितका उशीर, तितकं त्याचं अवघड. त्याच्या जामिनाला आणि वकिलाला तुम्ही मदत केलीत तर त्यात गैर काही नाही. त्याला मारही लागलेला असू शकतो, हे कोणी विचारलं आहे का? कामावर असताना झालेल्या इजेची भरपाई मागायचा त्यालाही हक्क आहे.

आणखी एक काम लगेच करा. पॉलिसीवरच्या पत्त्यावर विमा कंपनीला अपघाताची लेखी माहिती द्या आणि पोच घ्या. २०२२ पासूनच्या नियमांनुसार पोलीस ४८ तासांत पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवतात. मालकाने आणि ड्रायव्हरने आपापले फॉर्म ३० दिवसांत भरून द्यायचे असतात आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत जातो. या फॉर्ममध्ये आणि तुमच्या उत्तरात एकच हकिगत असली पाहिजे. खरी असली की ती आपोआप एक असते, पाठ करावी लागत नाही.

राहिलं त्या बाईला भेटण्याचं. भेटायला गेलं म्हणजे गुन्हा कबूल केला असं कुठल्याही कायद्यात नाही. जा. पण दुःख ताजं आहे, आधी दोन्हीकडे मान असलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाकडून निरोप पाठवा. नको म्हणाले तर थांबा, पुन्हा विचारा. नवऱ्याला बरोबर न्यायचं की नाही ते त्या घरचा कल बघून ठरवा. पैसे द्यायचे असतील तर दिवसकार्याला, मुलांच्या फीला मदत म्हणून द्या, त्याबदल्यात काही मागू नका. स्टॅम्प पेपर घेऊन तर मुळीच जाऊ नका. दोन लाख देऊन ‘आमची तक्रार नाही’ असं लिहून घेण्याची पद्धत अनेक गावांत आहे. हा गुन्हा अशा तडजोडीने मिटणारा नाही आणि तशा कागदाने त्या मुलांचा भरपाईचा हक्कही संपत नाही. त्यातून फक्त त्या बाईची फसवणूक होते. समझोता करायचाच असेल तर तो न्यायाधिकरणासमोर किंवा लोकअदालतीत, विमा कंपनीला बसवून, हिशेबाने होऊ द्या.

जाताना पॉलिसीची झेरॉक्स आणि आरसीची प्रत बरोबर घ्या आणि तिच्या किंवा तिच्या भावाच्या हातात द्या. गाडीच्या विम्याची माहिती मिळणं हा तिचा हक्क आहे आणि त्यावाचून अनेक कुटुंबं महिनोन्महिने पोलीस ठाण्याच्या फेऱ्या मारतात. दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करायचा असतो हेही सांगा. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण तिने त्या भरवशावर राहू नये. तिलाही विधी सेवा प्राधिकरणातून मोफत वकील मिळू शकतो, हे तिला बहुधा कोणी सांगितलेलं नसेल. तुमच्या घरातले म्हणतील, आपल्याच विरुद्ध दावा कसा लावायचा ते सांगून आलीस. त्यांना सांगा, तो दावा वेळेत आणि नीट लागला तरच विमा कंपनी त्या मुलांना पैसे देणार आहे.